मदत हवी आहे: व्हीएमसी सेटर आहे, पुढे फाइव्ह अ‍ॅक्सिस, मेटल थ्रीडी प्रिंटिंग की रोबोट-पीएलसी?

नमस्कार मंडळी,

मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, बरीच वर्षं व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) आहे, आधी ऑपरेटर, आता सेटर (जॉब आणि टूल लावून मशीन तयार करून देणारा). फानुक कंट्रोल, थ्री अ‍ॅक्सिस. फिक्श्चर लावणं, जॉब डायल करणं (डायल गेजने सरळ लावणं), जी५४ (जॉबचा झिरो पॉइंट, म्हणजे ऑफसेट) घेणं, पहिला पीस सिंगल ब्लॉकवर चालवून क्वालिटीकडून पास करून घेणं, हे सगळं हाताखालचं आहे. पण आता नवीन मशीनवर प्रोब (जॉबला टेकून मोजणारा सेन्सर) आलाय, ऑफसेट तोच घेतो, पॅलेट चेंजरमुळे (जॉब लावलेली टेबलं आपोआप बदलतात) एक सेटिंग लागलं की रात्रभर मशीन चालतं, मग सेटरची गरज किती दिवस राहणार हे मलाही दिसतंय.

तीन रस्ते डोक्यात आहेत. एक, कॅम (कॉम्प्युटरवर टूलचा मार्ग काढायचं सॉफ्टवेअर) शिकून फाइव्ह अ‍ॅक्सिसला (टेबल किंवा टूल तिरकंही फिरतं ते मशीन) जायचं. दोन, मेटल थ्रीडी प्रिंटिंग, कारण जो तो हेच फ्युचर म्हणून सांगतोय. तीन, रोबोट आणि पीएलसी (ऑटोमेशन चालवणारा कंट्रोलर), पण माझं इलेक्ट्रिकल कच्चं आहे, रिले म्हणजे काय इथपासून सुरुवात.

थ्रीडीबद्दल एक शंका आहे. प्रिंट झालेला पीस काय तसाच फिट होतो का? बेअरिंगचा बोअर, सीलिंग फेस, थ्रेड हे तर मशिनिंगलाच येणार ना? मग तिकडे जाऊन मी शेवटी परत व्हीएमसीवरच उभा राहणार असेन तर काय उपयोग. शिफ्ट सांभाळून शिकायचंय, नोकरी सोडणं शक्य नाही. ज्यांनी असा बदल केलाय त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १

शंका अगदी बरोबर आहे, पण निष्कर्ष उलटा काढताय. मी मेटल प्रिंटिंगमध्येच आहे. प्रिंटर चालवायला फार माणसं लागतच नाहीत, पावडर भरा, आर्गॉन सोडा, बिल्ड सुरू करा, मग कधी कधी दोन-दोन दिवस तो आपला थर टाकत बसतो. खरं काम आधी आणि नंतर. आधी पीस कुठल्या अँगलला उभा करायचा, सपोर्ट कुठे द्यायचे. नंतर स्ट्रेस रिलीव्ह, आणि ते प्लेटसकट, कारण आधीच वायरकटला (तारेने कापणारं मशीन) लावून प्लेटपासून सोडवला तर पीस वाकडा होतो. मग आतल्या चॅनलमधली पावडर काढायची, गरज असेल तर हिप (उष्णता आणि गॅसच्या दाबाने आतली बारीक छिद्रं बंद करणं), आणि मग मशिनिंग.

आणि इथेच सगळे अडकतात. असल्या वेड्यावाकड्या पीसला धरायला सपाट जागाच नसते. डेटम (मापं जिथून धरायची ती जागा) कुठला घ्यायचा, सगळीकडे स्टॉक (कापायला मटेरियल) पुरेल असा ऑफसेट कसा फिरवायचा, इन्कोनेल (कापायला अवघड निकेल अलॉय) असेल तर इन्सर्ट (टूलची कटिंग टिप) किती टिकेल, हे डिझाइनवाल्या पोरांना येत नाही. सेटरला येतं. जीईच्या लीप इंजिनच्या फ्युएल नोझलचं टोक पूर्वी २० च्या आसपास भाग जोडून व्हायचं, ते आता एकच प्रिंट होतं, हे उदाहरण सगळे देतात. नंतरच्या फिनिशिंगबद्दल कोण बोलत नाही.

प्रतिसाद २

दादा, पीएलसीला घाबरू नका. लॅडर (पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायची आकृतीची पद्धत) मुळात रिलेचं वायरिंग वाचणाऱ्या इलेक्ट्रिशियनला कळावं म्हणूनच तसं काढलंय. कोडेसिस (पीएलसी प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर) फुकट मिळतं, त्यात सिम्युलेशन आहे, घरी बसून दोन पुश बटणं आणि एक मोटर चालवून बघा. रोबोट प्रोग्रॅम करणारे भरपूर आहेत हो, पण लोकेटिंग फेसवर एक चिप राहिली तर रोबोट जॉब तिरका ठेवणार, म्हणून आधी एअर ब्लो आणि सीटिंग चेक पाहिजे, हे त्यांना मशीनवर उभं राहिलेल्यानेच सांगावं लागतं. फक्त कमिशनिंगला (गिऱ्हाइकाकडे जाऊन सिस्टीम चालू करून देणं) महिना महिना घराबाहेर राहायची तयारी ठेवा.

प्रतिसाद ३

कुठेही जा, आधी जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या आकार आणि जागेच्या टॉलरन्सची भाषा) पक्कं करा. पोझिशन टॉलरन्स डाय ०.१ म्हणजे होल ०.१ सरकलं तरी चालेल असं समजणारे सेटर मी रोज बघतो. ०.१ हा व्यास आहे, म्हणून सेंटर मूळ जागेपासून फार तर ०.०५ हलू शकतं. आणि फाइव्ह अ‍ॅक्सिसचा बाऊ नको, बरंचसं काम थ्री प्लस टू मध्येच होतं, म्हणजे टेबल फिरवून लॉक करायचं आणि पुढे तुमचं रोजचंच. सायमल्टेनियस (पाचही अ‍ॅक्सिस एकदम चालवणं) नंतर.

धागाकर्ता

सगळ्यांना धन्यवाद. पीएलसी सध्या बाजूला ठेवतो, घर सोडून महिना महिना जमणार नाही. आमच्याकडे एक फाइव्ह अ‍ॅक्सिस आहे पण त्यावर ठरलेली दोनच माणसं असतात, तिथे शिरायला बघतो आणि घरी कॅम सुरू करतो. प्रतिसाद १ वाले, प्रिंट झालेल्या पीसवर ऑफसेट फिरवायचा म्हणता तो आधी सीएमएमवर (मोजमापाचं वेगळं मशीन) मोजून की मशीनच्या प्रोबनेच? मशीनवर मोजत बसलो तर तेवढा वेळ स्पिंडल बंद राहणार ना?