काउ-स्लिप की काउझ-लिप?

टेकडीवाला:
मुलीच्या इंग्रजी कवितेत 'काउस्लिप' आलं. इंग्लंडच्या कुरणांतलं पिवळ्या झुबक्यांचं रानफूल, एप्रिल-मेमध्ये फुलणारं. शिकवणाऱ्या बाईंनी फोड करून दिली: काउझ-लिप, गाईचा ओठ. वहीत ओठांचं चित्रही काढून घेतलं! साफ चूक. जुन्या इंग्रजीत शब्द होता 'कूस्लिप्पे'. कू म्हणजे गाय, स्लिप्पे म्हणजे बुळबुळीत घाण, थोडक्यात, शेण. कानालाही तेच पटतं. गाईचा ओठ असता तर 'काउझ' ऐकू आलं असतं, इंग्रज मात्र स्वच्छ 'स' म्हणतो. बाईंना चिठ्ठी लिहू का?

मंडईची_वाट:
नका लिहू. हापूस मूळचा पोर्तुगीज 'अफोन्सो'. मंडईत जाऊन अफोन्सो मागता का? तोंडी बसलं ते बरोबर. शिवाय फुलाच्या नावात शेणापेक्षा ओठ केव्हाही बरा.

टेकडीवाला:
हापूस आपल्या जिभेवर पिढ्यान्‌पिढ्या घोळून हापूस झाला. काउझलिप कुणाच्या जिभेवर घोळलंय? ते नुसतं स्पेलिंग बघून फोडलंय. शेजारती म्हणजे शेजेची आरती. उद्या कुणी 'शेजार-ती' फोडून शेजारणीला ओवाळायला निघाला तर चालेल?
आणि शेणाचं एवढं काय? वाड्यांची अंगणं कशानं सारवायचे?

पेठेतली_शंका:
शेजारणीला हसले. पण याच फुलाच्या भावंडाला इंग्रज स्वतःच 'ऑक्सलिप' म्हणतात, बैलाचा ओठ. तेही मूळचं 'ऑक्सन-स्लिप्पे'च ना? त्यांनी मोडलं तर भाषेचा प्रवाह, आमच्या बाईंनी मोडलं तर चूक?

टेकडीवाला:
मुद्दा बिनतोड नाही, पण बोचरा आहे. तिथे 'ऑक्स'च्या शेवटी आधीच 'स' होता, पुढचा 'स' त्यात विरघळला. उच्चारातच झिजलं ते. 'काउ'च्या शेवटी विरघळवायला काय आहे?

मंडईची_वाट:
म्हणजे झिजलं तर चालतं, हे तुम्हीच कबूल केलंत. मग बाईंच्या वर्गाला अजून शंभर वर्षं द्या की.

नातीचा_आजोबा:
आमच्या चार वर्षांच्या नातीचा निकाल ऐका. काऊ म्हणजे कावळा, तेव्हा हे कावळ्याचं फूल. तिला दोन्ही फोडी नामंजूर.

टेकडीवाला:
चिठ्ठी लिहिली. ती दप्तरात टाकताना वही उघडून पाहिली, तर मुलीनं ओठांच्या शेजारी शेणाचा पो काढून ठेवलाय. हिरव्या खडूनं, वर दोन माश्या.