हत्तीच्या पावलात साठलेलं पाणी: डबकं, कोंड की डवरा?

विचारणा (दोडामार्ग): तिळारी खोऱ्यात 2002 च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती आले. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहिताना आपल्याकडे एकच शब्द, नासधूस. केळी-माडाची बाग गेलेल्या माणसासाठी तो खराच आहे. पण व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठच्या चिखलातून हत्ती गेला की पावलांचे खोल खळगे पडतात आणि त्यांत पाणी साठतं. त्याला काय म्हणावं? कोंड चालेल?

महाड: कोंड नको. कोंड म्हणजे नदीच्या पात्रातला खोल डोह, आमच्या काळ नदीवरच्या वाळणकोंडासारखा. तिथले मासे देवाचे, कुणी धरत नाही. तो पाण्यानं घडवलेला असतो, जनावरानं नव्हे. तुमचं ते डबकं.

दोडामार्ग: डबकं म्हटलं की डास आणि घाणच डोळ्यांपुढे येते. म्यानमारमधल्या जंगलात अशा हत्तीपावलांत बेडकांची अंडी आणि शेपटीवाली पिल्लं सापडली, 2019 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कोरड्या दिवसांत आसपास दुसरं पाणी नव्हतं. खळगा लहान, त्यामुळे मोठे मासेही नाहीत. बेडकांना याहून चांगली जागा कुठली मिळणार?

महाड: मग शब्द बदलण्यापेक्षा त्याला कर्ता जोडा. ‘हत्तीच्या पावलाचं डबकं’. वाचणाऱ्याला लगेच कळतं ते कशानं झालं.

कर्जत: एक शब्द मात्र हत्तीला अगदी चपखल बसतो, डवरा. आमच्याकडे उन्हाळ्यात ओढा आटला की पात्रात हातभर खणून पाझर काढतात, तो डवरा. इतरत्र झिरा म्हणतात. कोरड्या नदीच्या वाळूत हत्तीही पाय आणि सोंडेनं हेच करतो, आणि तो पिऊन गेला की बाकीची जनावरं, पक्षी त्याच खळग्यावर येतात. तेव्हा ‘हत्तीनं डवरा काढला’ असंच लिहावं. ‘खड्डा केला’ म्हटलं तर त्यातलं पाणीच हरवतं.

चिपळूण: आणि ‘नदी घाण केली’ हेही जपून लिहावं. आफ्रिकेतले पाणघोडे रात्री काठावर चरतात आणि दिवसा पाण्यात विष्ठा टाकतात. त्यावर किडे आणि मासे पोसले जातात. मात्र प्रवाह आटला की तीच विष्ठा डोहात साचते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. त्या वेळी ‘घाण’ लिहा, एरवी ‘खत’.