नोंद त्याच दिवशी, आकड्यांसकट

कारखान्यातल्या ट्रेनिंगचं लॉगबुक, म्हणजे रोजच्या कामाची नोंदवही, शनिवारी बसून आठवड्याचं एकदम लिहिलं तरी चालतं, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. शनिवारपर्यंत कामाचं नाव तेवढं लक्षात राहतं, आकडे उडून जातात, आणि खरं शिक्षण त्या आकड्यांतच असतं.

‘आज सीएनसी लेथवर काम पाहिलं’ या ओळीतून (सीएनसी लेथ म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कातणारं यंत्र) परीक्षकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: शाफ्टचा व्यास २५.०० मिमी हवा होता, मायक्रोमीटरवर २५.०४ आला, ऑपरेटरने टूलचा वेअर ऑफसेट (टूलच्या झिजेसाठी मशीनला दिलेली दुरुस्ती) ०.०४ ने कमी केला, पुढचा नग मापात आला. बाजूला हाताने काढलेली छोटी आकृती असेल तर फारच छान. तोंडी परीक्षेत प्रश्न अशाच नोंदींवरून निघतात आणि उत्तरही तिथेच सापडतं.

खिशात छोटी वही ठेवा, माप घेतल्या घेतल्या टिपा, संध्याकाळी लॉगबुकात उतरवा. चुकलं तर व्हाइटनर नको. एक रेघ मारून शेजारी सही करा. सुपरवायझरची सही दर आठवड्याला घ्याच, शेवटी त्यांची बदली झाली तर फार पंचाईत होते. आणि हो, कंपनीच्या ड्रॉइंगचे फोटो परवानगीशिवाय चिकटवू नका.