फ्लॅटमधलं होम थिएटर: आधी सबवूफर की आधी पुढचे तीन स्पीकर?

कानसेन (धागाकर्ता)

घराचं काम काढलेले बरेच जण विचारतात: होम थिएटरसाठी ठरावीकच पैसे आहेत, तर सुरुवात कशापासून करू? माझं मत ठाम आहे. पुढचे तीन स्पीकर चांगले घ्या, मागच्या दोघांच्या वायर प्लास्टरच्या आधी भिंतीत टाकून ठेवा, आणि सबवूफर (फक्त जाड, खालचे सूर वाजवणारा स्पीकर) सगळ्यात शेवटी आणा.

सिनेमातले संवाद जवळजवळ सगळे मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. तोच हलका असला की माणूस सिनेमाभर रिमोट हातात धरून बसतो. कुजबूज आली की आवाज वाढवा, मारामारी आली की कमी करा. शब्द कळले नाहीत तर गोष्ट कळत नाही, बाकी सगळं त्यानंतर. सेंटर स्पीकर डाव्या-उजव्यांच्याच मालिकेतला घ्या, म्हणजे पडद्यावर माणूस चालत गेला तरी त्याचा आवाज बदलत नाही. आणि खोक्यावरचा पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा, फुगवलेला) आकडा वाचूच नका, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते विचारा.

दुसरं कारण खोली. ११ बाय १६ फुटांच्या हॉलमध्ये लांबीमुळे ३५ हर्ट्झच्या आणि रुंदीमुळे ५१ हर्ट्झच्या आसपासचे सूर आपोआप फुगतात. आपल्याकडे सबवूफरला कोपऱ्याशिवाय जागा नसते, आणि कोपऱ्यात ठेवला की हे फुगणं सगळ्यात जास्त. मग ढोल असो, स्फोट असो की बेस गिटार, एकच घूं घूं ऐकू येते.

पडघम

कानसेन, सेंटरबद्दल सहमत, क्रमाबद्दल साफ असहमत.

फ्लॅटमध्ये मावणाऱ्या छोट्या, बुकशेल्फ स्पीकरचा वूफर (जाड सुरांचा थरथरणारा पडदा) पाच-साडेपाच इंचांचा असतो. ६० हर्ट्झच्या खाली त्याच्याकडून फारशी अपेक्षाच करू नये. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर ४१ हर्ट्झचा सूर निघतो, म्हणजे साधं गाणंसुद्धा अर्धवट ऐकू येणार. शिवाय ५.१ मधला (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) '.१' ही वेगळी वाहिनी आहे. सबवूफर नसेल तर बरेचसे रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारे अँप) तो भार पुढच्या स्पीकरवर टाकतात, नाहीतर सोडूनच देतात.

सबवूफर आणा, रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये स्पीकर 'स्मॉल'वर ठेवा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झला लावा. खालचं जड काम सबवूफर स्वतःच्या अँपवर करतो, त्यामुळे लहान स्पीकरचे पडदे आणि रिसीव्हर दोन्ही मोकळे होतात. तुम्हाला हवे असलेले संवादही त्यानेच स्वच्छ होतात.

कोपऱ्याचं म्हणाल तर सबवूफर थोडा वेळ सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवा. बेस असलेलं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत जा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सबवूफरची जागा. बऱ्याचदा ती टीव्हीच्या बाजूला, कोपऱ्यापासून तीन-चार फुटांवर सापडते.

चौथा मजला

तुम्ही दोघंही तुमच्या हॉलपुरतं बोलताय. माझ्या वरच्या घरात सबवूफर आहे, म्हणून मी खालून लिहितो.

संवाद, गाणी यातलं काही माझ्यापर्यंत येत नाही. येते ती फक्त धडधड, कारण जाड सूर आरसीसीच्या स्लॅबला आणि भिंतींना फारसे जुमानत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. पण ती 'ए' मोजपट्टीवरची. त्या पट्टीवर ५० हर्ट्झचा सूर प्रत्यक्षापेक्षा ३० डेसिबल कमी दिसतो. म्हणजे मीटर गप्प राहतो आणि माझी आई रात्रभर जागी. तिला काय सांगू, आकडा नियमात बसतो म्हणून?

सामायिक भिंतींच्या इमारतीत सबवूफर नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे.

पडघम

दादा, तक्रार रास्त आहे. आईंची झोप जाणार असेल तर सिनेमा दुसऱ्या दिवशी बघता येतो. पण 'नकोच' हे मान्य नाही. सबवूफरखालचा रबरी पॅड जमिनीतून जाणारी थरथर कमी करतो, हवेतून जाणारा आवाज नाही, हे खरंय. म्हणून रात्री १० नंतर सबवूफर बंद आणि रिसीव्हरचा नाइट मोड चालू, हा नियम घरात पाळायचा. तो मोड मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो.

चौथा मजला

नियम पाळणारा शेजारी मिळणं आमच्या हातात नाही. मत कायम.

तारवाला

वायरबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. भिंत एकदा लिंपली की ती पुन्हा कुणी फोडू देत नाही.

महागड्या केबलवर पैसे घालू नका. चांगली तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची मल्टीस्ट्रँड वायर घ्या, घराच्या वायरिंगला वापरतात तीच. १० मीटर अंतराला जाऊन-येऊन रोध ०.१४ ओहमच्या आसपास भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हा फरक डेसिबलच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतका, कानाला कळणार नाही असा. दीड चौरस मिलिमीटरची घेतली तरी ०.२३ ओहम. ४ ओहमचे स्पीकर असतील तर मात्र जाडच घ्या.

सांभाळायचं ते तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमपासून. बाजारात ती स्पीकर वायर म्हणून सर्रास मिळते. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत करा.

सूरसंगत

तारवाला, सगळंच आकड्यांत बसत नाही. मी वीस वर्षं ऐकतोय. चांगल्या केबलने तंबोऱ्याच्या जव्हारीत मोकळेपणा येतो, हा माझा अनुभव आहे.

तारवाला

सूरसंगत, तुमच्या कानांबद्दल आदर आहे. पण कोणती केबल लावली हे तुम्हाला न सांगता दुसऱ्या कुणीतरी बदलून बघायला हवं, आवाजाची पातळीही तंतोतंत सारखी ठेवून. तिथेही तुम्ही दर वेळी ओळखलंत तर मी ऐकायला तयार आहे. तोवर तेच पैसे जाड पडद्यात आणि गालिच्यात घालावेत, उघड्या टाइल्स आणि काचा असलेल्या हॉलमध्ये त्याने फरक पडतोच.

मृद्गंध

आमचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात आहे. वाद चालू द्या, पण पाइप कुठे-कुठे टाकायचे ते कुणी सांगेल का?

तारवाला

ताई, टीव्हीमागून तीन पुढच्या जागांना आणि दोन मागच्या जागांना २५ मिलिमीटरचा पाइप. मागचे स्पीकर पार पाठीमागे नाही, बसण्याच्या जागेपासून थोडे मागे, दोन्ही बाजूंना, समोरच्या दिशेपासून ११० ते १२० अंशांवर. विजेच्या वायरच्या पाइपात या वायर घालू नका. ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

सबवूफरसाठी दोन ठिकाणी पाइप टाका, एक टीव्हीजवळ आणि एक टीव्हीसमोरच्या भिंतीवर, कारण जागा नंतरच ठरते. दोन्हीकडे अर्थिंग असलेला सॉकेट हवा, त्याला स्वतःची वीज लागते. हे हमखास राहून जातं. पुढे घरघर आली तर अर्थची पिन काढू नका. बऱ्याचदा घरघर सेट टॉप बॉक्सच्या केबलमधून येते. ती केबल काढून बघा.

कानसेन

मृद्गंध, प्रत्येक पाइपात ओढायची दोरी ठेवायला सांगा. जोडताना लाल-काळं सगळीकडे सारखंच. एक स्पीकर उलटा जोडला तरी बेस निम्मा नाहीसा होतो, आणि मग लोक दोष स्पीकरला देतात.

पडघम, क्रॉसओव्हरचा मुद्दा पटला, क्रम नाही. सबवूफर सहा महिन्यांनी आणता येतो. स्वस्त सेंटर एकदा घेतला की बदलायला वर्षं जातात.