साओ पावलोहून आपारेसिदाला १२ ऑक्टोबरला जावं का?

भटका_नाशिककर
ऑफिसच्या कामासाठी ऑक्टोबरभर साओ पावलोत आहे. १२ तारखेला सुट्टी आहे, ब्राझीलच्या आश्रयदात्या मातेचा, म्हणजे आपारेसिदाच्या मरियामातेचा सण म्हणून. इथे प्रत्येक टॅक्सीत, उपाहारगृहात, अगदी आमच्या रिसेप्शनच्या टेबलावरही निळ्या झग्यातली तिची छोटी मूर्ती दिसते. तिचं मूळ ठिकाण, आपारेसिदा गाव, एका दिवसात होतं का? मी ख्रिस्ती नाही, आत सोडतात का? आणि मूर्तीचं एवढं काय आहे?

डोंबिवली_फास्ट
चिएते बसस्थानकावरून थेट बस आहे. रिओच्या रस्त्यावर साधारण १७० किमी. सकाळी लवकर निघालात तर रात्री परत.

गिरीजची_लेक
आत सगळ्यांना सोडतात, कोणी धर्म विचारत नाही. आम्ही ताउबातेला राहतो, तिथून आपारेसिदा जवळच, त्यामुळे भारतातून कोणी आलं की त्यांना घेऊन जायचं काम माझ्याकडेच.

पण १२ला जाऊ नका. त्या दिवशी लाखाच्या वर माणूस लोटतं आणि तुम्हाला समोरच्याची पाठ तेवढी दिसेल. त्याऐवजी आधीच्या आठवड्यात या. दुत्रा महामार्गाच्या (हाच रिओचा रस्ता) कडेने पायी येणारे दिसतील, काठी, पाठीवर पिशवी, पायाला पट्ट्या. वारी पाहिलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं!

मूर्ती मोठी असेल अशी कल्पना करून जाऊ नका. भाजलेल्या मातीची, जेमतेम ३६ सेंटीमीटरची. भल्याथोरल्या बासिलिकेत, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चमध्ये, उंचावरच्या सोनेरी कोनाड्यात, काचेआड. मुकुट आणि झगा वगळला तर चेहरा आणि जोडलेले हात तेवढे दिसतात. माझी नणंद आली होती तेव्हा ती पाच मिनिटं भलतीकडेच बघून हात जोडत होती.

गोष्ट १७१७ची. आसुमारचा काउंट, म्हणजे पोर्तुगीज सरदार, जवळच्या ग्वारातिंगेता गावाला येणार, त्याच्या मेजवानीला मासे हवेत म्हणून डोमिंगोस गार्सिया, जुआंव आल्वेस आणि फिलिपे पेद्रोझो पाराईबा नदीत जाळी टाकत होते. काही लागेना. मग जाळ्यात आधी मूर्तीचं धड आलं, पुढच्या खेपेला डोकं, आणि त्यानंतर मासेच मासे. मूर्ती बरीच वर्षं पेद्रोझोच्या घरी होती, शेजारीपाजारी जमून जपमाळ म्हणायचे. टेकडीवर छोटं चर्च झालं ते १७४५ मध्ये. वांद्र्याच्या मोत मावलीचीही (माउंट मेरी) अशीच कथा आहे, कोळ्याला समुद्रात मूर्ती सापडल्याची. दोन्हीकडे पोर्तुगीज होते खरे, पण माझ्या मते दोन्हीकडे देवी आपलीशी केली ती जाळं टाकणाऱ्यांनी.

एक जागा चुकवू नका, नवसांची खोली. मेणाचे पाय, हात, डोकी, काळजं, कुबड्या, फुटबॉलचे शर्ट, लग्नाचे पोशाख आणि असंख्य फोटो. लहानपणी मोत मावलीला मेणाचा हात वाहिलाय मी (मोडला होता, आंब्याच्या झाडावरून पडून), त्यामुळे मला तिथून लवकर निघवत नाही.

भटका_नाशिककर
ताई, मनापासून आभार. ऑफिसातला एक जण म्हणाला की मूर्ती मध्यंतरी फुटली होती. मग आता आहे ती खरी की नक्कल?

गिरीजची_लेक
खरीच. १६ मे १९७८च्या संध्याकाळी एका तरुणाने जुन्या बासिलिकेत (मूर्ती तेव्हा तिथे असायची) काच फोडून ती उचलली. त्या झटापटीत ती जमिनीवर पडली आणि दोनशेच्या आसपास तुकडे झाले. साओ पावलोच्या कला संग्रहालयात मारिया एलेना शार्तुनी यांनी महिनाभर खपून ती जोडली. ऑगस्टमध्ये ती परत आली तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. १९९५ला, नेमक्या १२ ऑक्टोबरला, दुसऱ्या पंथाच्या एका पाळकाने टीव्हीवर तिच्या नकलेला लाथ मारली. आमची शेजारीण एरवी चर्चमध्ये मिस्सेला (प्रार्थनेला) फिरकत नाही, पण तो विषय निघाला की अजून तिचा आवाज चढतो.

सातारी_तर्री
मूर्ती काळी का?

गिरीजची_लेक
नदीतला गाळ आणि वर्षानुवर्षांचा मेणबत्त्यांचा धूर, असं सांगतात. पण कारण काही असो, इथल्या काळ्या लोकांना ती आपली वाटते. झकारियास नावाच्या गुलामाच्या साखळ्या तिच्यासमोर गळून पडल्या, ही दंतकथा पोराटोरांनाही पाठ. आणि तिचा सोन्याचा मुकुट दिलाय राजकन्या इझाबेलने, जिने १८८८ मध्ये गुलामगिरी संपवणाऱ्या कायद्यावर सही केली. १९०४ला तो चढवला, १९३० मध्ये पोप अकरावे पायस यांनी तिला ब्राझीलची आश्रयदाती जाहीर केलं. मला विचाराल तर पोपच्या आधीच ते ठरलं होतं.

डोंबिवली_फास्ट
आवारात दुकानं किती आहेत हो! मला तर देवस्थानापेक्षा मॉल वाटला.

गिरीजची_लेक
शेकडो आहेत. शिर्डीला काय कमी आहेत? चालून आलेल्याला पाणी, जेवण, न्हाणीघर लागतंच की.

भटका_नाशिककर
ठरलं, आधीच्या बुधवारी जातो. आईचा गुडघा फार दुखतो. मेणाचा गुडघा मिळेल का?

गिरीजची_लेक
सुटा गुडघा मी तरी कधी पाहिला नाही. अख्खा पाय घ्या.