संयुक्त समितीच्या रोजच्या कामात पर्यावरण आणायचं कसं? मदत हवी आहे, रविवारी बैठक

पश्चिम_भाग
नमस्कार. रविवारी बैठक आहे, त्याच्या आत उत्तर पाहिजे.

गावात देवस्की पंच (देवळाचा कारभार बघणारे), दोन्ही युवक मंडळं, महिला संघ आणि शाळेची एसडीएमसी (शाळा सुधारणा समिती) मिळून संयुक्त समिती आहे. समितीचं कुठलंही काम पर्यावरणाला धरूनच करायचं, असा गेल्या वर्षी ठराव झाला. सगळ्यांनी हात वर केले. ५ जूनला झाडं लावली, फोटो झाले. त्यानंतर पारायणाचा महाप्रसाद झाला, कुस्तीचं मैदान झालं, शिवजयंतीचा चित्ररथ झाला. दर वेळी त्याच चंदेरी पत्रावळ्या, पाण्याच्या छोट्या बाटल्या आणि फ्लेक्स. दुसऱ्या दिवशी सगळं गोळा करून तळ्याच्या मागं पेटवायचं. विचारलं तर म्हणतात, "पर्यावरणाची कमिटी वेगळी आहे, त्यांना विचारा." त्या कमिटीत मी आणि दोन शिक्षक. खरेदी आमच्याकडं नाही, पैसा आमच्याकडं नाही.

पुढं मेमध्ये महालक्ष्मीची यात्रा आहे. हे रोजच्या कामात मुरवायचं कसं तेवढं सांगा. झाडं लावा, जनजागृती करा हे सांगू नका, ते झालंय.

निपाणीकर
तालुका कुठला? महाप्रसादाला पानं किती उठतात? स्वयंपाक गावातली माणसं करतात का आचारी बाहेरचा? पाणी टँकरचं का नळाचं? यातलं काहीच लिहिलं नाही, उत्तर द्यायचं कशावर?

चंदगडी
सोपं आहे. आमच्याकडं माझी वसुंधरा अभियान आहे, २ ऑक्टोबर २०२० पासून. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाचांवर ग्रामपंचायतीला गुण मिळतात. त्यात नाव घाला, गाव आपोआप कामाला लागतं.

पश्चिम_भाग
चंदगडी, ते महाराष्ट्र शासनाचं आहे. आम्ही बेळगाव तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. ते इकडं कसं लागू होईल?
निपाणीकर, पानं दोन-अडीच हजार. आचारी बाहेरचा. पाणी मेमध्ये टँकरचं.

चंदगडी
योजना लागू नसेल, पण गुणांची पद्धत उचलता येते की. गल्लीगल्लीत चुरस लावा, निकाल देवळात वाचा.

खानापूरची_माहेरवाशीण
दादा, गुण आणि चुरस पहिल्या वर्षी चालते, मग थंडावते. आमच्या स्त्रीशक्ती संघाचं सांगते. आम्ही स्टीलची ताटं, वाट्या, पेले घेतले. लग्न, बारसं, पारायण, सगळीकडं भाड्यानं जातात. देताना मोजून, घेताना मोजून, कमी आलं तर अनामतीतून कापायचं. वाट्या हमखास कमी येतात, म्हणून आता वाटीच देत नाही, खोलगट खणाचं ताट घेतलं. पंगत उठली की पहिलं काम खरकटं एका बादलीत झटकायचं. मग तीन घमेली ओळीनं: पहिल्यात राख नाहीतर साबण, दुसऱ्यात खळबळायचं, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. तिसऱ्याचं पाणी नंतर पहिल्यात जातं. धुणाऱ्या बायकांना भाड्यातून मजुरी मिळते, त्यामुळं हे काम बंद पडत नाही.

निपाणीकर
ताई, कबूल. पण यांच्याकडं मेमध्ये टँकर आहे. अडीच हजार ताटं कितीही जपून धुतली तरी पाणी लागणारच. अशा ठिकाणी पानाची पत्रावळ बरी. पळसाची, काडीनं टाचलेली घ्या नाहीतर सुपारीच्या हाळ्याची (झावळीच्या बुडाच्या रुंद भागाची). सिरसी-सिद्दापूरकडं हाळ्याची ताटं भरपूर होतात. जेवण झालं की जनावर तरी खातं नाहीतर खड्ड्यात कुजतं.

खानापूरची_माहेरवाशीण
पानाची म्हणून जी बाजारात मिळते ती नीट बघून घ्या ओ. पानं वर आणि खाली प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला, अशा कितीतरी असतात. कागदी ताट आणि चहाच्या कपाचंही तेच. गरम पाण्यात भिजत घाला आणि कोपरा फाडून बघा, आतला पातळ पापुद्रा वेगळा सुटतो. तो कुजत नाही आणि गायीच्या पोटात गेला की बाहेर येत नाही.

निपाणीकर
म्हणून तर टाक्याची, काडीनं टाचलेली पत्रावळ म्हणालो. मशीनची मी सांगितलीच नाही.

बळ्ळारी_काठ
तुमचं पत्रावळीचं चाललंय, आमचं शिवार बघा एकदा येऊन. बेळगाव शहराचं सांडपाणी, बाटल्या, पिशव्या सगळं बळ्ळारी नाल्यात. पावसाळ्यात नाला फुगला की वडगाव, येळ्ळूरकडच्या भाताच्या वाफ्यांत पाणी तुंबून ऱ्हातंय. बासमती पिकणारी जमीन ही. पाणी उतरलं की रोपापेक्षा प्लॅस्टिकच जास्त उचलावं लागतंय. वर जलपर्णी. तुमच्या तळ्यामागं जळून जे उरतंय ते पण पावसात कुठल्या तरी ओढ्यालाच जाणार की. नाल्याचं काय ते आधी बोला.

व्यवस्थापक
बळ्ळारी नाल्यासाठी वेगळा धागा चालू आहे, तिथं जरूर लिहा. इथं प्रश्न समितीच्या कामाचा आहे.

बळ्ळारी_काठ
लिहितो. पण जाळायचं तेवढं बंद करा भावांनो. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. ते जळताना डायॉक्सिनसारखं विष सुटतंय, आणि तळ्यामागं कुणाची तरी म्हसरं चरत असणारच.

गच्चीवरचं_पाणी
देवळाला स्लॅब आहे का? असेल तर पावसाचं पाणी धरा. हिशेब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांची स्लॅब म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ९,३०० लिटर. गळती आणि पहिल्या पावसाचं धुवण सोडलं तरी सात-साडेसात हजार हाती येतं. आपल्या पश्चिम भागात असा पाऊस दोन-चार दिवसांत पडतो. पाइप, गाळणी, टाकी, एवढंच लागतं.

पश्चिम_भाग
पाणी धरायचं मी विचारलंच नव्हतं. आणि ते टाकीतलं पाणी मेपर्यंत राहील का? मला समितीचं सांगा. लोक ऐकत नाहीत, हा माझा प्रश्न आहे.

गच्चीवरचं_पाणी
टाकीचं नाही राहणार. विहिरीजवळ जिरवलं तर विहीर थोडी जास्त टिकेल आणि ताटं धुवायच्या पाण्याची तक्रार कमी होईल. तुमच्याच प्रश्नाला धरून सांगितलं.

हिशेबनीस
मी बरीच वर्षं एका देवस्थानाचा जमाखर्च बघतो. सगळं वाचलं. ताट का पत्रावळ हा वाद नंतर करा, तुमची अडचण आधीची आहे. ठराव एका वहीत आणि खरेदी दुसऱ्या वहीत, असं तुमच्याकडं झालंय. पर्यावरणाची वेगळी कमिटी केली, त्याच दिवशी बाकी सगळे त्यातून सुटले.

रविवारी ती कमिटी बरखास्त करायचा ठराव मांडा. आहे ती कामं ज्यांच्याकडं आहेत, त्यांच्याच कामात ही अट घाला. आचाऱ्याला सुपारी देताना कागदावर लिहा: वाढप कशात, पाणी कशातून, खरकटं कुठं टाकणार. मंडपवाल्याच्या कोटेशनमध्ये कापडी कमान. दोघांचेही थोडे पैसे मैदान साफ होईपर्यंत राखून ठेवा. हे सगळ्यात जास्त चालतं, अनुभवानं सांगतो. यात्रेत दुकानांच्या जागांचा लिलाव होतो ना? त्या पावतीवर छापा की दुकानापुढचा कचरा वेगळा करून द्यायचा, नाहीतर अनामत परत नाही.

आणि खजिनदाराला सांगा, बिल मंजूर करताना एकच विचारायचं, यातलं काय उरणार आणि ते कुठं जाणार? उत्तर वहीत लिहायचं. दर महिन्याच्या बैठकीत जमाखर्च वाचतात तेव्हा तेही वाचलं जाईल. वेगळा विषय काढायची गरजच नाही.

पश्चिम_भाग
हे पटलं. पण पत्रावळ्या आणि बाटल्या समिती विकत घेत नाही. देणगीदार देतात. त्यांचाच फ्लेक्स लागतो.

निपाणीकर
हे आत्ता सांगताय? सगळी चर्चा खरेदीवर चालली होती. देणगीदार असले तर खजिनदार काय अडवणार?

खानापूरची_माहेरवाशीण
अडवायचंच नाही. देणगीदाराला नाव पाहिजे असतं आणि त्यात वाईट काहीच नाही, श्रद्धेनं देतात. आमच्या ताटांच्या पाठीमागं देणाऱ्यांची नावं कोरलीत. कुणी शंभर ताटं दिली, कुणी आईच्या नावानं पेले दिले. गावातल्या प्रत्येक लग्नात ती पंगतीला असतात. फ्लेक्स आठ दिवसांत उतरतो. समितीनं आधीच यादी करून ठेवायची, आम्हाला हे हे पाहिजे म्हणून. देणगीदार विचारायला येतो तेव्हा समोर यादी नसली की तो सगळे देतात तेच देतो.

हिशेबनीस
ताईंचं बरोबर आहे. देणगी स्वीकारणं हाही समितीचाच निर्णय. पावती फाडायच्या आधी यादी दाखवा. पाण्यासाठी मोठे पिंप नाहीतर वीस लिटरचे जार आणि नळाचे रांजण घाला यादीत.

चंदगडी
प्लॅस्टिकच्या ताटांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. पोलिसात एक तक्रार द्या, दोन दिवसांत सरळ होतील.

निपाणीकर
कर्नाटकात त्याच्याही आधी, मार्च २०१६ पासून आहे. पिशव्या, ताटं, कप, चमचे, थर्माकोल, फ्लेक्स, एवढंच काय, जेवणाच्या टेबलावर अंथरायचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा त्यात आहे. पण गावातल्या देवस्की पंचांवर तक्रार करून यांना गावात राहायचंय का? बंदीचा कागद देणगीदाराला दाखवायला चांगला, भांडायला नको.

हिशेबनीस
सहमत. शंभरावर माणसं जमणार असतील तर स्थानिक संस्थेला तीन कामाचे दिवस आधी कळवायचं आणि कचरा जागेवरच वेगळा करायचा, असं घनकचऱ्याच्या नियमांत आहे. पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये लागेल, शाळेतल्या शिक्षकांकडून लिहून घ्या. तुमच्या कमिटीत दोघं आहेतच.

खानापूरची_माहेरवाशीण
पंचायतीची कचऱ्याची गाडी येते का गावात? बऱ्याच ठिकाणी ती संजीवनीच्या (सरकारच्या ग्रामीण उपजीविका योजनेतल्या) महिला संघाकडं असते, चालवणारीही बाईच असते. तिला आधी भेटा. हसी कस, ओण कस (ओला कचरा, सुका कचरा) लोक रोज ऐकतात, मग यात्रेतही तीच दोन पिंपं ठेवायची, त्याच रंगांची. आणि एक विसरू नका दादा. महालक्ष्मीच्या यात्रेत समितीच्या मंडपापेक्षा घराघरांतलं जेवण मोठं असतं. एकेका घरी दोन-तीनशे पाहुणे. घरटी पट्टी गोळा करायला तुम्ही प्रत्येक दारात जाताच, तेव्हाच ताटं किती लागणार ते विचारून लिहून घ्या.

पश्चिम_भाग
पट्टी गोळा करायला पुढच्या आठवड्यात निघायचंय. तेव्हाच विचारतो. गाडी येते, मंगळवारी आणि शनिवारी. यात्रेत रोज लागेल, त्याचा अर्ज वेगळा करावा लागेल का?

हिशेबनीस
एकाच अर्जात लिहा. जादा फेरीचं डिझेल समिती देईल असंही लिहा, नाहीतर अर्ज तिथंच पडून राहतो.

बळ्ळारी_काठ
खरकट्याचं कुणीच नीट सांगितलं नाही म्हणून परत आलो. नुसता भात-आमटी खड्ड्यात टाकली की दोन दिवसांत वास सुटतोय, माश्या होतायत, मग लोक म्हणणार जाळलेलंच बरं होतं. तळाला भाताचं पिंजर नाहीतर उसाचं पाचट जाड अंथरा, वर खरकटं, वर परत पिंजर आणि थोडं जुनं शेण. पाणी घालू नका, आमटीचं पुरतंय. आठवड्यानं उलथा. हात घातला तर आत चटका बसेल एवढं तापलं पाहिजे, थंड असलं तर पिंजर कमी पडलंय समजा. कुणी शेतकरी मागितला तर खत त्यालाच द्या, तो खड्डा सांभाळतोय.

निपाणीकर
आणि टँकरच्या गावात ताटंच ठरली तर धुणं एका जागी घ्या आणि ते पाणी केळीला सोडा. घरोघरी धुतलं तर दुप्पट जाईल. पहिल्या वर्षी निम्म्या पंगती ताटात, निम्म्या टाक्याच्या पत्रावळीत, असं पण चालेल.

पश्चिम_भाग
ठीक आहे. रविवारी तीन गोष्टी मांडतो: वेगळी कमिटी बंद, देणगीची यादी, आचारी आणि मंडपवाल्याच्या कागदात अट. अध्यक्ष पहिल्याला नाही म्हणतील, कारण त्यांनीच ती कमिटी केली. त्यांना कसं सांगावं?

हिशेबनीस
बंद करा म्हणू नका. त्या तिघांना तीन कामांत घ्या म्हणा: एक खरेदीत, एक देणगीत, एक मैदानावर. अध्यक्षांची कमिटी राहते आणि काम जिथं पाहिजे तिथं जातं.

पश्चिम_भाग
हे जमेल. ताई, तुमच्या संघाच्या ताटांच्या भाड्याची पावती आणि अनामतीचा नमुना इथं टाकता येईल का? शनिवारपर्यंत मिळाला तर बरं.

खानापूरची_माहेरवाशीण
उद्या संध्याकाळी फोटो टाकते. ताटं घ्यायच्या आधी एक बघा, काठ दुमडलेलं घ्या, सरळ काठाचं धुताना हाताला कापतं.