कोरी गाडी घेतोय: मधलं मॉडेल की टॉप? चार्जिंगचं आधी सांगा

केळीवाला, यावल

राम राम मंडळी. पहिल्यांदाच शोरूममधून कोरी गाडी घेतोय. पेट्रोल, पाच सीटर. मधलं मॉडेल घेऊ की टॉप, इथे अडलोय. फरक सव्वा लाखाचा. तेवढ्यात सनरूफ, वायरलेस चार्जिंगची जागा, मोठा स्क्रीन आणि आतून बेज रंग मिळतो. मधल्यात आतून सगळं काळं, पुढे एक जुना चौकोनी यूएसबी, एक टाइप-सी आणि एक बारा व्होल्टचं सॉकेट. मागे एसीची झडप आहे, पण चार्जिंगला काहीच नाही.

चार्जिंगचं एवढं का विचारतो ते सांगतो. बोअरच्या स्टार्टरला सिमवालं ऑटो बसवलंय, रात्रपाळीची लाइट आली की फोनवरून मोटर चालू करतो. मागच्या चैत्रात आईला घेऊन वणीच्या गडावर गेलो, पाहुण्यांच्या गाडीत. रस्ताभर नकाशा चालू, फोन गाडीच्या यूएसबीला लावलेला. परतताना धुळ्याजवळ बघतो तर बॅटरी ४० वरून १८ वर. लावलेला असून उतरली! पारोळ्याच्या पुढे फोन बंद. त्या रात्री नवतीच्या, म्हणजे नव्या लावणीच्या केळीच्या बागेला पाणी गेलं नाही. त्या उन्हात एक पाणी चुकलं की पान कसं लोंबतं, ते ज्याची बाग आहे त्यालाच कळतं.

तर असं का झालं, आणि नवीन गाडीत काय बघून घेऊ? आईचंही बघायचंय. त्या गाडीत मागे हवाच येत नव्हती. एरंडोलपर्यंत ती एकच म्हणत होती, "मागे तं भट्टीच हाये रे बाप्पा."

वायरिंगवाला, भुसावळ

भाऊ, तुमचा फोन बिघडलेला नव्हता. तुम्ही तो गाण्याच्या यूएसबीला लावला होता. स्क्रीनला जोडलेला जुना चौकोनी यूएसबी बऱ्याच गाड्यांत पाच व्होल्टला अर्धा अँपिअरच देतो. गुणाकार करा, अडीच वॅट. नकाशा चालू, स्क्रीन पूर्ण उजेडावर, नेट चालू, म्हणजे फोन त्याहून जास्त खातो. टाकीत येतं एक बादली आणि जातात दोन. उतरणारच.

आता टाइप-सी. भोक नवीन आहे म्हणून वेग येतो असं समजू नका. काही पोर्ट पाच व्होल्टला तीन अँपिअर, म्हणजे १५ वॅटवरच थांबतात. ज्याच्यात पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी, आहे तो व्होल्ट वाढवतो, नऊ व्होल्टला तीन अँपिअर म्हणजे २७ वॅट. गाडीच्या पुस्तकात पोर्टचे वॅट लिहिलेले असतात, सेल्समनला ते पान उघडायला लावा. तोंडी उत्तर घेऊ नका.

माझ्या मते तुमच्या कामाची खरी वस्तू म्हणजे ते बारा व्होल्टचं सॉकेट. झाकणावर बहुतेक १२० वॅट लिहिलेलं असतं. चांगल्या कंपनीचा ४५ वॅटचा पीडी चार्जर आणि दोन्हीकडून टाइप-सी असलेली केबल घ्या, फोन झपाट्याने भरेल. केबल स्वस्तातली नको. काही केबलींतून फक्त करंट जातो, डेटा जात नाही. मग फोन चार्ज होतो पण नकाशा गाडीच्या स्क्रीनवर येत नाही आणि लोक गाडीला दोष देत बसतात.

एक हात जोडून सांगणं. मागच्या सीटला पोर्ट पाहिजे म्हणून कोणाकडून डॅशबोर्डमागची वायर कापून जोड देऊ नका. वेगळा फ्यूज टाकून फ्यूज बॉक्समधूनच लाइन घ्या, तीही शोरूमला विचारून, नाहीतर वॉरंटी जाते. चिकटपट्टी गुंडाळलेले जोड उन्हाळ्यात वितळून एकमेकांना लागलेले मी स्वतः उघडलेत.

शिक्षिका, अमळनेर

दादा, वायरलेसचा अनुभव माझा घ्या, आमच्याकडे टॉप मॉडेल आहे. हिवाळ्यात छान चालतं. मे महिन्यात शाळेच्या आवारात गाडी उन्हात उभी असते. दुपारी निघताना फोन त्या जागेवर ठेवला की दहा मिनिटांत हाताला चटका बसतो आणि स्क्रीनवर सूचना येते, तापमानामुळे चार्जिंग थांबवलं. वायरलेसमध्ये बरीच वीज उष्णतेतच जाते. वर लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या पुढे चार्ज करायची नसते, म्हणून फोन स्वतःच हात आखडता घेतो. आपल्याकडे बाहेरच पारा ४४-४५ ला असतो, बंद गाडीच्या आत किती होत असेल! मी आता फोन एसीच्या झडपेसमोरच्या स्टँडवर लावते आणि वायरनेच चार्ज करते.

केळीवाला, यावल

ताई, बरं झालं सांगितलं. बेज रंगाचं तर मीच विसरलो होतो. कापणीच्या दिवसांत कपड्यांना केळीचा चीक लागलेला असतो. लागतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, संध्याकाळपर्यंत तपकिरी होतो, मग कशानेच निघत नाही. माझे सगळे सदरे तसेच आहेत. बेज सीटवर मी बसूच शकणार नाही.

धुळेकर

काळं घेताय तर उन्हात तापतं हे धरून चला, कापडी कव्हर घाला, रेक्झिन नको. आणि शोरूमला सकाळी जाऊ नका. भर दुपारी जा, आईला सोबत न्या, मागे बसवा, एसी लावून वीस मिनिटं फिरवून आणा. मागची हवा तोंडावर येते की गुडघ्यावर, ते बसल्याशिवाय कळत नाही. तोच फोन, तीच केबल, तोच नकाशा घेऊन जा.

केळीवाला, यावल

काल जाऊन आलो, दुपारी दोन वाजता, आईला घेऊन. पुस्तकात टाइप-सी १५ वॅटचा निघाला. मग मुलाचा ४५ वॅटचा चार्जर सॉकेटमध्ये लावला. नकाशा चालू, एसी चालू, शहराबाहेर महामार्गावर जाऊन परत. अर्ध्या तासात फोन ३४ वरून ६१ वर. तेवढा वेळ मी रस्त्यापेक्षा त्या आकड्याकडे बघायचो, शेवटी सेल्समननेच टोकलं.

किल्ली काढली की सॉकेट बंद होतं, हेही तपासलं. शेतात गाडी उभी करून फोन लावून ठेवता येणार नाही, त्यासाठी पॉवर बँक ठेवीन. आईने झडप वर करून घेतली आणि येताना झोपली. मधलंच बुक केलंय. वायरिंगवाले भाऊ, मागच्या पोर्टसाठी गाडी आली की भुसावळला येतो, शोरूमला विचारून ठेवतो.